घरापासून पंधरा किलोमीटरच्या आतली न पाहिलेली ठिकाणे कशी शोधावीत? (फोंडा परिसर)

कुर्टीवासी

सर्वांना नमस्कार. मी गेली अनेक वर्षे कुर्टी येथे राहतो आणि नोकरीसाठी रोज पणजीला जातो. गोव्यात राहणाऱ्या माणसाला फिरण्यासाठी ठिकाणांची वाण नाही असे बाहेरचे नातेवाईक नेहमी म्हणतात. प्रत्यक्षात आमचे फिरणे ठरावीक चाकोरीतले आहे: पाहुणे आले की मंगेशी, म्हार्दोळ आणि कवळे, मुलांना सुट्टी लागली की एखादा किनारा, आणि पावसाळ्यात धबधब्याकडे जाणाऱ्या मोटारींच्या रांगेत उभे राहणे. आपल्याच तालुक्यात आपण पाहिलेले नाही असे बरेच काही असावे, ही शंका मला अलीकडे फार येऊ लागली आहे. मात्र ते शोधायला निघायचे तर कोणत्या रीतीने, हे उमगत नाही.

माझा प्रश्न ठिकाणांच्या यादीबद्दल नाही, कारण याद्या पुष्कळ मिळतात आणि त्या सगळ्यांत तीच नावे असतात. घरापासून साधारण पंधरा किलोमीटरच्या आत, रविवारच्या एका सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल अशा अंतरावर, नवे काही सापडावे यासाठी तुम्ही कोणती पद्धत वापरता, हे मला जाणून घ्यायचे आहे. ‘नवे’ म्हणजे माझ्यासाठी नवे, इतकाच अर्थ घ्यावा. वाहन म्हणून स्कूटर आहे. सोबत पाचवीत शिकणारी मुलगी असते आणि कधी कधी वडीलही असतात. वडिलांचे गुडघे दुखत असल्यामुळे फार चढण त्यांना जमत नाही.

जांभादगड

कुर्टीवासी, आपण पद्धत विचारलीत हे फार बरे केलेत. माझी पद्धत सांगतो. एखादे ठिकाण निवडण्याऐवजी एखादी रेषा निवडावी, आणि ती रेषा शक्यतो पाण्याची असावी. आपण ज्या प्रदेशात राहतो तो आपल्याला रस्त्यावरून माहीत असतो आणि गोव्यातले हमरस्ते बहुतेक ठिकाणी पाण्याला एकदाच, पुलावरून, भेटतात. पुलाच्या वर आणि पुलाच्या खाली तोच व्हाळ (ओढा) किलोमीटरच्या किलोमीटर वाहत असतो, त्याच्या काठाने जुनी घाटी, तळी, देवळी, कुळागरे (पोफळीच्या बागा) असतात, आणि त्यांतले काहीही रस्त्यावरून दिसत नाही. म्हणून आपण रोज ज्या पुलावरून जाता त्याच्याखालचा एक व्हाळ निवडावा आणि तो उगमाकडे किंवा नदीकडे, कोणत्याही एका दिशेने, थोडा थोडा पाहत जावा.

यासाठी नकाशा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यांत एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर अंतर असते. समोच्च रेषा, व्हाळ, विहिरी, देवळे आणि पायवाटा त्यांत दाखवलेल्या असतात. मोबाईलवरचे नकाशे दुकाने आणि हॉटेले दाखवण्यात तरबेज असले तरी पायवाटांच्या बाबतीत कच्चे असतात. मोबाईलचा उपयोग मी वेगळ्या कामासाठी करतो: उपग्रहाच्या चित्रासाठी. चित्र शक्यतो एप्रिल किंवा मे महिन्यातले असावे. त्या दिवसांत सडे (जांभ्याची सपाट पठारे) पार करपून तपकिरी दिसतात आणि त्यांच्या पायथ्याशी कुठे कुठे दाट हिरवा पट्टा दिसतो. तो पट्टा बहुधा कुळागराचा असतो.

यामागचे कारण एकदा लक्षात आले की घरबसल्या निम्मा शोध लागतो. आपला जांभा दगड सच्छिद्र आहे. सड्यावर पडलेला पाऊस त्यातून झिरपत खाली जातो. खाली चिकट मातीचा थर लागला की पाण्याला पुढे उतरता येत नाही आणि ते डोंगराच्या कुशीतून आडवे बाहेर पडते. तोच झरा. जिथे बारमाही झरा असेल तिथेच पोफळी टिकतात, म्हणून भर उन्हाळ्यातला तो हिरवा पट्टा म्हणजे झऱ्याचा पत्ता समजावा. आणि झरा असेल तिथे तळी, तळीपाशी देवस्थान, आणि देवस्थानापाशी जुनी वस्ती असण्याची शक्यता मोठी असते.

आपल्या बाबतीत पहिले उदाहरण तर अगदी दारात आहे. आपल्या पंचायतीचे नावच कुर्टी-खांडेपार आहे, आणि त्या खांडेपारच्या गुहा आपण पाहिल्या आहेत की नाही, याचा उल्लेख प्रश्नात आलेला नाही. बेळगावच्या रस्त्याने फोंड्याहून पाचएक किलोमीटरवर, नदीपासून जवळ झाडीत, जांभ्या दगडात कोरलेल्या चार गुहा आहेत. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत, पण त्या सुमारे हजार वर्षे जुन्या मानल्या जातात. आत शिरताना वाकावे लागते. पहिल्या गुहेच्या छतावर कमळ कोरलेले आहे, ते पाहायला विजेरी न्यावी, नाहीतर डोक्यावर काय आहे हे न कळताच माणूस बाहेर येतो. भिंतीतले कोनाडे आणि दाराच्या चौकटीसाठी पाडलेली भोके पाहून तिथे राहणाऱ्याची सोय कशी होती याचा अंदाज मुलीला करायला सांगावे. त्यानंतर गाडीत बसून घरी न येता नदीकडे जावे. ही खांडेपार नदी म्हणजे वर दूधसागरवरून आलेले तेच पाणी आहे. पुढे ते मांडवीला मिळते, आणि वाटेत ओपा येथे त्यातलेच पाणी उचलून शुद्ध करून आपल्या नळांना सोडले जाते. नळाच्या पाण्याची वाट उलटी चालत जाणे हाही एक चांगला रविवार होऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. तीच जागा निराळ्या ऋतूत पाहणे हेही शोधण्यातच मोडते. ज्या सड्यावरून मार्चमध्ये चालताना पायांखाली नुसता तापलेला कातळ असतो, त्याच सड्यावर ऑगस्टच्या अखेरीस सीतेची आसवे आणि गेंद यांचे ताटवे असतात, आणि त्यांच्या मुळाशी बारकाईने पाहिले तर किडे पकडणारी दवबिंदू ही वनस्पतीही सापडते. त्यासाठी कासच्या पठारापर्यंत जाण्याची गरज नाही. घराजवळचा कोणताही न खणलेला सडा पुरतो, फक्त असे सडे आता कमी होत चालले आहेत.

पायवाट

जांभादगड यांचे विवेचन उत्तम आहे, पण मला त्यांचा क्रम मान्य नाही. नकाशा आधी आणि माणूस नंतर, अशा रीतीने निघालेला मनुष्य परक्याच्या बागेत जाऊन उभा राहतो आणि तिथे त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कोण तुम्ही?’ असा. मी आधी माणसांना विचारतो. गावातल्या तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात बसलेली वडीलधारी मंडळी तर आहेतच, पण माझा अनुभव असा की वीज खात्याचा लाइनमन आणि टपाल वाटणारा पोस्टमन यांच्याइतक्या आतल्या वाटा दुसऱ्या कोणाला माहीत नसतात. ‘इथे पाहण्यासारखे काय आहे?’ असे विचारले तर ते देऊळ दाखवतात आणि विषय संपतो. त्याऐवजी ‘पूर्वी रस्ता नव्हता तेव्हा बाजाराला कुठून जात होता?’ असे विचारून पाहावे. मग घाटी निघते, घाटीवरची विश्रांतीची जागा निघते, उतारापाशी असलेली तार, म्हणजे होडीने नदी ओलांडण्याची जागा, निघते, आणि अर्ध्या वेळा सांगणाराच उठून दाखवायला येतो.

आपले वडील सोबत येतात हे तर मी अडचणीऐवजी भांडवल समजेन. पन्नास वर्षांपूर्वी फोंड्याहून कुठे कुठे चालत जात होते, हे त्यांनाच विचारले आहे का?

दीपमाळ

वरील दोन्ही प्रतिसाद रानाचे आणि पाण्याचे झाले. मी देवळांविषयी लिहितो, कारण ‘ती आम्ही पाहिली आहेत’ या एका वाक्याने फोंडा तालुक्यातली निम्मी संपत्ती आपण बाद करून टाकतो. दर्शन घेणे, प्रसाद घेणे आणि वाहनतळाकडे परतणे याला पाहणे म्हणता येईल का, याबद्दल मला शंका आहे.

बांदोड्याचेच उदाहरण घ्या. आपल्या घरापासून ते अगदी जवळ आहे. फोंड्यातली बरीच प्रसिद्ध देवस्थाने सोळाव्या शतकात जुन्या काबिजादींमधून, म्हणजे तिसवाडी, साष्टी आणि बार्देश या भागांतून, नदी ओलांडून इथे आली, कारण तिथे पोर्तुगीजांनी देवळे मोडली आणि इकडे मात्र तेव्हा आदिलशाहीचा अंमल होता. फोंडा पोर्तुगिजांकडे गेले ते थेट 1763 मध्ये. पण नागेशीचे तसे नाही. ते मूळचेच इथले आहे. देवळाच्या आवारात 1413 सालचा शिलालेख आहे, म्हणजे पोर्तुगीज गोव्यात येण्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीचा, विजयनगरच्या काळातला. आत सभामंडपाच्या वरच्या भागात लाकडावर कोरून रंगवलेले रामायणातले प्रसंग आहेत. आपल्या मुलीला त्यांतले प्रसंग ओळखायला लावावे, तासभर सहज जाईल. तळीच्या पायऱ्यांवर वडिलांना निवांत बसता येईल. नागेशीहून जवळच नेमिनाथाच्या जैन बस्तीचे अवशेष आहेत. जांभ्याच्या पडक्या भिंती, त्यांवर उगवलेली झाडे, एवढेच आता उरले आहे, आणि रोज शेजारून जाणाऱ्या शेकडो लोकांपैकी कितीजण तिथे थांबत असतील, देव जाणे.

आता जांभादगड यांच्या रेषेच्या कल्पनेला मी माझी जोड देतो. पाण्याऐवजी देवाच्या स्थलांतराची रेषा धरावी. बांदोड्याचा रामनाथ मूळचा साष्टीतल्या लोटलीचा. लोटली आणि बांदोडे यांच्यामध्ये जुवारी आहे, आणि आजही दुर्भाटहून रासईला, म्हणजे लोटलीच्या हद्दीत, फेरीबोट जाते. रामनाथीहून निघून दुर्भाटच्या धक्क्यावर यायचे, स्कूटर बोटीवर चढवायची आणि पलीकडे उतरायचे. देव ज्या नदीच्या पलीकडून आला ती नदी आपण उलट ओलांडतो. हा सगळा प्रवास एका सकाळीत होतो. बोरीच्या पुलावरून वेगाने जाणाऱ्याला जुवारीचे हे अंतरंग कधीच दिसत नाही. पलीकडे लोटलीत जुन्या पोर्तुगीजकालीन घरांची रांगच आहे. ती खासगी घरे आहेत, बाहेरूनच पाहावी. उत्साह उरला तर राशोलपर्यंत जावे. तिथल्या सेमिनरीत सतराव्या शतकाच्या आरंभी छापखाना होता आणि त्यात मराठीतला ग्रंथ छापला गेला, ही गोष्ट मराठी वाचणाऱ्या माणसाने तिथे उभे राहून एकदा आठवावी असे मला वाटते. शिरोड्याची कामाक्षीसुद्धा त्याच बाजूची, साष्टीतल्या राय गावची. म्हणजे दुसऱ्या रविवारची रेषाही तयार आहे.

जाता जाता साफा मशिदीविषयी. पणजीच्या रस्त्यावर शापूरला आपण ती रोज पाहत असाल. 1560 सालची ती वास्तू बसच्या खिडकीतून दिसते. तिच्या शेजारची जांभ्या दगडातली तळी मात्र दिसत नाही. तळीच्या आतल्या बाजूला चारही भिंतींत कमानी काढलेल्या आहेत. दुपारी उन्हे तिरपी झाल्यावर त्या फार सुंदर दिसतात. रोजच्या वाटेवर मध्येच थांबून पाहण्यासारखी याहून सोपी जागा मला तरी ठाऊक नाही.

कुर्टीवासी

सर्वांचे मनापासून आभार. खांडेपारच्या गुहा मी पाहिलेल्या नाहीत, हे कबूल करतो. त्यांच्याकडे नेणारी पाटी मात्र कित्येक वेळा वाचली आहे. वडिलांना पायवाट यांनी सुचवलेला प्रश्न काल रात्री विचारला. त्यानंतर जेवण बाजूला राहिले आणि त्यांनी लहानपणी दुर्भाटच्या बंदरावर होड्यांतून उतरणाऱ्या मालाचे वर्णन सुरू केले. त्यामुळे पहिला रविवार दुर्भाटचा, हे घरात जवळजवळ ठरले आहे.

दोन शंका उरतात. एक म्हणजे मुलीला अवशेषांपेक्षा हलणारे, बदलणारे काही पाहायला आवडते. नेमिनाथ बस्तीचे नाव काढताच ‘पुन्हा भिंती?’ असे तिने विचारले. दुसरी शंका प्रवेशाची. कुळागर, खाजन (नदीकाठची बांध घातलेली शेते), सडा या सगळ्या जमिनींना कोणीतरी मालक आहे. फिरायला जाणाऱ्याने कुठपर्यंत जावे?

खाजनबांध

आपल्या मुलीसाठी उत्तर दुर्भाटलाच आहे. तिला मानस दाखवा.

जुवारी आणि मांडवी यांच्या काठची बरीच शेते भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. दुर्भाट, बोरी, शिरोडा या पट्ट्यांत ती विस्ताराने दिसतात. नदीचे खारे पाणी आत येऊ नये म्हणून चिखल आणि जांभा यांचे बांध घातलेले आहेत आणि त्या बांधात ठिकठिकाणी लाकडी दारांच्या मानशी बसवलेल्या आहेत. मानशीचे दार चालवायला यंत्र लागत नाही. भरती चढू लागली की नदीचे पाणी दाराला बाहेरून ढकलते आणि दार आपोआप घट्ट बसते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो, दार उघडते आणि शेतातले पाणी नदीत निघून जाते. लहान मुलांना हे शब्दांत सांगण्याऐवजी भरती उलटण्याच्या सुमारास मानशीपाशी नेऊन उभे करावे. पाणी थांबते, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग दार कुरकुरत हलू लागते. शाळेत शिकवलेल्या दाबाच्या धड्याचा याहून चांगला प्रयोग फोंडा तालुक्यात मिळणार नाही.

त्यासाठी वेळ साधावी लागते. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि दर दिवशी ती साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते. भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध होतात, पण ती बहुधा मुरगाव बंदराची असतात. नदीत आत भरती उशिरा पोहोचते, म्हणून धक्क्यावरच्या बोटीवाल्याला किंवा मासे धरणाऱ्याला विचारणे अधिक खात्रीचे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास पाण्याचा चढउतार मोठा असल्यामुळे दाराची हालचालही ठळक दिसते.

बांधावरून चालणे वडिलांना जमेल, कारण चढण अजिबात नाही. वाट मात्र अरुंद असते आणि पावसाळ्यात निसरडी होते, म्हणून नोव्हेंबरनंतर जावे. हिवाळ्यात तिथे खंड्या, ढोकरी, बगळे, तुतारी आणि डोक्यावर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार हे सगळे एकाच बैठकीत दिसतात, त्यामुळे दुर्बीण असेल तर जवळ ठेवावी. भाताच्या हंगामात तुम्हाला शेते दिसतील. खारे पाणी सोसणारे कोर्गुट हे जुने वाण अजूनही काही ठिकाणी लावले जाते. कापणीनंतर त्याच जागी पाणी आणि मासळी असते. त्या अर्थाने खाजन एकदा पाहून होत नाही.

प्रवेशाबद्दल माझ्यापुरते सांगतो. बांधावरून चालायला आजवर मला कोणी हरकत घेतलेली नाही, पण मानशीच्या दाराला हात लावू नये आणि तिथे लावलेल्या जाळ्याला तर मुळीच नाही. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिलेला असतो. त्या जाळ्यामागे कुणाचे तरी पैसे गुंतलेले असतात.

रानवाट

प्रवेशाचा प्रश्न आला हे बरे झाले, कारण वरच्या उत्साही प्रतिसादांत मला त्याचीच उणीव जाणवत होती. उपग्रहाच्या चित्रात हिरवा पट्टा दिसतो, कुंपण दिसत नाही. कुळागर ही लोकांची रोजची कामाची जागा आहे, तिथे मालकाला विचारल्याशिवाय उतरू नये. विचारल्यावर बहुतेक वेळा नकार मिळत नाही. देवराईत गावाचे नियम पाळावेत, चपला बाहेर काढायला सांगितल्या तर काढाव्यात, आणि काही जागी विशिष्ट दिवशी प्रवेश नसतो हे निमूटपणे मान्य करावे. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. बोंडला जवळ आहे म्हणून त्याच्या मागच्या बाजूने आत शिरण्याचा विचार कोणी करू नये.

व्हाळाच्या काठाने चालण्याची सूचना डिसेंबर ते मेपर्यंत ठीक आहे. जून ते सप्टेंबर या काळात ती मी कोणालाही देणार नाही, मुलांसोबत तर नाहीच. आपल्याकडे आकाश निरभ्र असताना घाटमाथ्यावर पाऊस पडत असतो आणि व्हाळाचे पाणी बघता बघता गुडघ्यावरून कमरेवर येते. धबधबे आणि पाण्याने भरलेल्या खाणी यांत उतरण्यावर जिल्हा प्रशासन पावसाळ्यात बंदी घालते ती उगाच नाही. विशेषतः सोडून दिलेल्या चिरेखाणी. वरून त्या एखाद्या शांत तळ्यासारख्या दिसतात, पण काठ सरळ कापलेला असतो, उथळ भाग नसतोच, आणि घसरलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही. उपग्रहाच्या चित्रात चौकोनी हिरवट पाणी दिसले तर ते ठिकाण यादीतून खोडावे.

उन्हाळ्यात सत्तरीच्या बाजूला जाणार असाल तर माकडतापाची माहिती घ्यावी. तो गोचिडांमधून पसरतो आणि त्याचा हंगाम कोरड्या पाचोळ्याच्या दिवसांतच असतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पाचोळ्यात बसू नये, परतल्यावर अंग तपासावे आणि रानात मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे.

शेवटी एक विनंती. रानात उघड्यावर पडलेला वीरगळ किंवा गजलक्ष्मीचा पट्ट सापडला तर त्याचा नेमका पत्ता आणि छायाचित्र इथे टाकू नये. आपण हौसेने टाकतो आणि वाचणाऱ्यांत सगळेच हौशी नसतात.

जांभादगड

रानवाट यांची व्हाळाविषयीची सूचना रास्त आहे, मी हंगाम सांगायला हवा होता. पण शेवटच्या विनंतीशी मी अर्धाच सहमत आहे. गप्प राहण्यानेही नुकसान होते. सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्या दगडाच्या पटावर शंभराहून अधिक प्राचीन चित्रे कोरलेली आहेत: बैल, हरणे, माणसे आणि तो प्रसिद्ध चक्रव्यूह. 1993 मध्ये गावातल्या लोकांनी ती पुरातत्त्वाच्या अभ्यासकांच्या नजरेस आणली, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहेत. गावकऱ्यांना ती जागा आधीपासूनच परिचयाची होती. त्यांनी कोणाला सांगितलेच नसते तर एखाद्या दिवशी तिथे यंत्र फिरले असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता. तेव्हा सांगावे जरूर, पण आधी राज्याच्या पुरातत्त्व खात्याला आणि गावच्या देवस्थान समितीला. इथे लिहिताना गावाचे नाव पुरे.

पायवाट

यावर माझेही तेच मत आहे. फक्त खात्याला पत्र पाठवून स्वस्थ बसू नये, पोच मागून घ्यावी. ज्या गावाला आपल्याकडे काय आहे हे माहीत असते, त्या गावात दगड सहसा हलत नाही.

कुर्टीवासी

चर्चा अपेक्षेपेक्षा फार पुढे गेली, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. येत्या रविवारी रामनाथी, दुर्भाट, मानस आणि जमल्यास रासई, असा बेत आहे. गुहा त्याच्या पुढच्या रविवारी. व्यवहाराचा एक प्रश्न: वडील स्कूटरवर तिसरे कसे बसणार? त्यांना बसने दुर्भाटपर्यंत पाठवणे शक्य आहे का, आणि फेरीबोटीला किती वेळ थांबावे लागते?

दीपमाळ

फोंड्याच्या बसस्थानकावरून दुर्भाटच्या बाजूला खासगी बसगाड्या जातात, पण रविवारी त्या कमी असतात, म्हणून आदल्या दिवशी स्थानकावर वेळ विचारून ठेवावी. वडिलांना सकाळच्या बसने पुढे पाठवावे आणि आपण मुलीला घेऊन रामनाथी करून यावे, म्हणजे त्यांना दोनदा चढउतार करावा लागणार नाही. धक्क्यावर बसायला सावली असते. फेरीबोट दोन्ही काठांमध्ये ये-जा करत असते, त्यामुळे फार थांबावे लागत नाही. दुपारी मात्र मोठा खंड पडू शकतो, तेव्हा पलीकडे उतरल्यावर परतीची शेवटची सोयीची फेरी कोणती, हे बोटीवरच्या माणसाला आधी विचारावे. चालत जाणाऱ्याला भाडे पडत नाही. पाणी घरून न्यावे, आणि पलीकडे जेवणाची सोय शोधत बसण्यापेक्षा रासईला पाय लावून, लोटलीचा एक फेरफटका मारून बाराच्या आत परत अलीकडे यावे.

खाजनबांध

आणि मानस पाहायची असेल तर बेताचा क्रम भरतीवर ठरवा. पाणी सकाळी लवकर उलटणार असेल तर आधी बांध, मग बोट. उशिरा उलटणार असेल तर आधी बोट. शनिवारी संध्याकाळी इथे विचारलेत तर त्या दिवशीचे पाणी पाहून मी वेळ कळवीन.